फुकट रेशनमुळे बागेला मजूर मिळत नाहीत, खरंय का?

बागवान_तासगाव: द्राक्षाची फळछाटणी उरकली, आता विरळणी-डिपिंगला (मणी विरळ करून घड औषधात बुडवायला) बायका मिळेनात. धान्य फुकट, वर लाडक्या बहिणीचे १५००. कशाला येतील उन्हात? सरकारचा पैसा नक्की कुणाच्या कामी येतोय?

शेडवरची: दादा, मी बेदाणा शेडवर निवडायला जाते. मागच्या हंगामात आम्ही हजेरी (दिवसाची मजुरी) वाढवा म्हटलं, तर मालक म्हणाले, "गहू-तांदूळ फुकट, खात्यात पंधराशे, आणि काय पाहिजे?" म्हणजे सरकारनं मला दिलं आणि मालकानं वळतं करून घेतलं. माणशी पाच किलोत तेल येत नाही, डाळ येत नाही. वडापचं (शेअर जीपचं) भाडं मुकादम हजेरीतूनच कापतो, ते निराळंच.

आता गंमत बघा. खेड्यात फुकट धान्याच्या प्राधान्य रेशनकार्डाला अख्ख्या घराचं वर्षाचं उत्पन्न ४४ हजारांच्या आत लागतं. हजेरी ३५० धरा, एकट्या बाईचा सव्वाशेच्या वर एक दिवस भरला की ओलांडलं. त्यामुळं हजेरी कागदावर यावी असं आम्हालाही वाटत नाही. मालकाला तर बरंच, कागद नाही तर फंडही (पीएफ) नाही.

बागवान_तासगाव: शेडचं मला सांगू नका. माझे पैसे दलाल बुडवून जातो, औषधवाल्याची उधारी वेगळीच.

शेडवरची: ते खोटं नाही. पण पीएम किसान आणि नमो या शेतकरी योजनांचे मिळून वर्षाला १२ हजार येतात, साडेसात एचपीपर्यंत शेतातल्या मोटारीचं वीजबिल माफ. म्हणून तुम्ही बाग सोडून घरी बसलात का?

विसापूरकर: रोजगार हमी मांडणारे वि. स. पागे आपल्याच तालुक्यातले. १९७७ ला कायदा झाला. त्यात काम मागायचा हक्क होता. बागवाला कमी देतो म्हटला तर बाईला मातीकामावर जाता यायचं, म्हणून त्याला हात सैल करावा लागायचा. रेशनच्या पिशवीनं मालकावर तसा दाब येत नाही.

शेडवरची: काका, काम निघालं तर खरं. आणि पैसे वेळेवर आले तर. आठवड्याचा बाजार थांबत नाही.

बागवान दादा, आमच्या गल्लीतल्या बायका मोकळ्या आहेत. हजेरी किती आणि वडापचं भाडं कुणाचं, तेवढं आधी इथंच लिहा.