संमोहनात आठवलेले पुराव्यात धरावे का?

मूळ मत:
संमोहनानंतर साक्षीदाराला जे आठवते, ते न्यायालयाने ग्राह्य धरू नये. आठवताना मेंदू घटना नव्याने जुळवतो आणि रिकाम्या जागा कल्पनेने भरतो. संमोहनात सूचना चटकन स्वीकारली जात असल्याने ही भर वाढते. लॉरेन्स आणि पेरी यांच्या १९८३ च्या प्रयोगात, सहज संमोहित होणाऱ्या २७ जणांना गेल्या आठवड्यातील एका रात्री मोठ्या आवाजाने जाग आल्याचे सुचवण्यात आले. नंतर त्यांपैकी १३ जण तो आवाज खरोखरच झाला होता असे सांगू लागले.

प्रतिसाद १:
असहमत. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातील चाउचिला येथे बसचालकासह २६ मुलांचे अपहरण झाले. सुटकेनंतर चालकाने संमोहनाखाली अपहरणकर्त्यांच्या एका व्हॅनचा क्रमांक सांगितला, त्यात एकच अंक चुकला. हा क्रमांक त्याला सुचवणार तरी कोण? शिवाय साधी चौकशी तरी कुठे निर्दोष असते? लॉफ्टस आणि पामर यांनी १९७४ मध्ये दाखवलेच आहे की, प्रश्नात गाड्या ‘धडकल्या’ऐवजी ‘आदळून चक्काचूर झाल्या’ अशा अर्थाचे क्रियापद घातले, की साक्षीदार वेगाचा अंदाज वाढवून सांगतात.

मूळ मत मांडणारे:
क्रमांक पडताळता येतो, म्हणून तो तपासाला उपयोगी. त्याला माझी हरकत नाही. पण चेहरा, हेतू, कोण काय बोलले, हे कशाशी ताडून पाहणार? साधा साक्षीदार निदान ‘बहुधा’ म्हणतो आणि त्याच ‘बहुधा’वर वकील बोट ठेवतो. संमोहनानंतर तो शब्दच गळून पडतो: अचूकता वाढत नाही, खात्री मात्र वाढते, आणि मनापासून खात्री असलेल्या माणसापुढे उलटतपासणी लुळी पडते.

प्रतिसाद २:
सरसकट बंदीने आरोपीवरही अन्याय होतो. स्वतःच्या बचावात साक्ष देणाऱ्या आरोपीवर अशी बंदी घालता येत नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये ‘रॉक विरुद्ध आर्कान्सा’ खटल्यात ठरवले. अशी साक्ष स्वीकारण्यासाठी न्यू जर्सी राज्याने १९८१ मध्ये घातलेल्या अटी मला पुरेशा वाटतात: तज्ज्ञ तपास यंत्रणेपासून स्वतंत्र असावा, आधीचे कथन नोंदलेले असावे आणि सर्व बैठका ध्वनिमुद्रित व्हाव्यात.

मूळ मत मांडणारे:
आरोपीचा अपवाद मान्य. बाकी ध्वनिमुद्रणात प्रश्नकर्त्याची सूचना पकडता येईल. पण ‘आता मला आठवणारच’ ही साक्षीदाराची स्वतःची अपेक्षा कोणत्या फितीवर उमटणार?