गाण्यासाठी सबवूफर : बंद खोक्याचाच घ्यावा, पोर्टवाला नको

चिरेबंदी (रत्नागिरी)
स्टिरिओवर गाणी ऐकायला सबवूफर, म्हणजे फक्त खालचे जाड सूर काढणारा वेगळा स्पीकर, घ्यायचा तर आठ किंवा दहा इंची आणि सील्ड, म्हणजे बंद खोक्याचाच घ्यावा असं माझं ठाम मत आहे. दुकानात सब मागितला की होम थिएटरचा बारा इंची पुढे करतात, पिक्चरमधला स्फोट ऐकवतात, काचा हादरल्या की गिऱ्हाईक खूश. पण पिक्चरला एलएफईचा, म्हणजे फक्त खालच्या धडाक्यांचा, वेगळा ट्रॅक असतो, फाइव्ह पॉइंट वनमधला तो वन, आणि स्टिरिओ गाण्याला तसं काही नसतं, जे आहे ते डाव्या-उजव्या चॅनलमध्येच. म्हणजे सबचं काम काय तर मेन स्पीकर जिथे दमतात तिथून खाली तोच सूर पुढे न्यायचा. डग्ग्यावर मनगट सरकवून जी मींड काढतात तिचा वरचा भाग स्पीकरमधून येतो आणि खालचा सबमधून, आणि सब जरा मागे रेंगाळला की मींड तुटलीच. पोर्टवाल्या खोक्यात भोकातून येणारा आवाज उशिरा सुरू होतो नि उशिरा थांबतो. बंद खोक्यात आतली हवाच स्प्रिंगसारखी कोनला, म्हणजे स्पीकरच्या पुढेमागे हलणाऱ्या पडद्याला, आवरते, अमेरिकेतल्या एडगर विलचर यांनी 1954 साली याच तत्त्वावर स्पीकर काढला आणि ते आजही खरं आहे.

जोडायचा पण हाय लेव्हलने, ॲम्पच्या (ॲम्प्लिफायरच्या) स्पीकर टर्मिनलवरून वायर काढून सबला, सब बनवणारी रेल (REL) कंपनी हेच सांगत आली आहे. ॲम्प क्लास डी (स्विचिंग पद्धतीचा) असेल तर निगेटिव्ह वायर कुठे लावायची ते मॅन्युअल बघूनच ठरवा, उगाच ॲम्प जाईल.

खाडीपलीकडे (गुहागर)
पटत नाही. तुम्ही सांगताय ते शहरातल्या स्लॅबच्या, दारं-खिडक्या लावलेल्या खोलीचं. सील्ड सबचा आवाज खाली उतरताना दर सप्तकाला 12 डीबीने पडतो, पण बंद खोलीत खालचे सूर आपोआप उचलले जातात, त्याला रूम गेन म्हणतात, आणि त्या भरवशावर सील्डवाल्यांचा हिशोब जुळतो. आता आमच्याकडे या. भिंती चिऱ्याच्या, मान्य, पण वर कौलं, माळा अर्धाच, पुढचं मागचं दार सकाळी उघडलं की रात्रीच लागतं. कुठला रूम गेन आणि कुठलं काय! आठ इंची सील्ड ठेवलात तर पडवीतून बेस बाहेर निघून जाईल आणि मजघरात काही उरणार नाही.

आणि तो उशीर-उशीर जो म्हणताय तो जास्तीत जास्त पोर्टच्या ट्यूनिंगजवळ, म्हणजे ते भोक ज्या सुरावर घुमतं त्याच्या आसपास, असतो. चांगला बारा इंची पोर्टवाला 20-25 हर्ट्झला ट्यून केलेला असतो. बेस गिटारची सगळ्यात खालची तार 41 हर्ट्झला वाजते, मग 22 हर्ट्झच्या उशिराने माझ्या गाण्याचं काय बिघडतं? हां, स्वस्तातला आठ इंची पोर्टवाला 35-40 ला ट्यून केलेला असतो, तो गाण्याच्या मध्येच घुमतो, तो घेऊ नये हे मीही सांगेन. पण त्याचं पाप सगळ्या पोर्टवाल्यांच्या माथी मारू नका.

कुडाळची ताई
माका तरी सब लागताच असा वाटत नाय. आमच्याकडे नाट्यसंगीत, अभंग, डबलबारीचं भजन हेच जास्त चालतं. पुरुष गवयाचा तानपुरा काळी एकला लावला तर खरजाची तार साधारण 69 हर्ट्झला येते. साडेसहा इंची वूफरचा बरा बुकशेल्फ (फळीवर मावणारा छोटा स्पीकर) 50 पर्यंत जातो, मग खाली उरतं काय? जुन्या तबकड्यांचं तर विचारूच नका, 1925 च्या आधीचं सगळं कर्ण्यासमोर गाऊन भरलेलं, त्यात बेस नव्हताच, सब लावून फक्त तबकडीची घरघर ऐकायला मिळेल. तेच पैसे मेन स्पीकरात घाला. दोन चांगले फ्लोअरस्टँडर, म्हणजे जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर, आणि मागची भिंत जरा लांब, बस.

चिरेबंदी
ताई, नुसता सूर किती खाली जातो एवढाच मुद्दा नाहीये. डबलबारीत पखवाजावर थाप पडते तेव्हा पाच-साडेसहा इंची कोनला एका दमात बरीच हवा ढकलायची असते आणि त्याच वेळी तोच कोन बुवांचा आवाजही काढत असतो, म्हणून जरा मोठ्याने लावलं की बुवांचा आवाज गढूळ होतो. खालचं काम सबकडे गेलं की गळा मोकळा ऐकू येतो, हे मला स्वतःला बेसपेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

कुडाळची ताई
पण तुम्ही हाय लेव्हलने जोडा म्हणताय ना? मग मेन स्पीकरला सगळाच सिग्नल जातोय, 80 हर्ट्झच्या खालचं त्याच्याकडून काढून घेतलंच नाही तर भार हलका होणार कसा? त्यासाठी ॲम्पमध्ये खालचे सूर अडवणारा हाय पास फिल्टर हवा, बेस मॅनेजमेंट हवं, ते साध्या स्टिरिओ ॲम्पला बहुतेक नसतंच.

वेंगुर्ल्याचा मेकॅनिक
ताईंचा प्रश्न बरोबर आहे, फिल्टर नसेल तर भार तेवढाच राहतो. फिल्टर ॲम्पमध्ये नसला तरी काही सबमध्ये असतो, घेताना विचारा.

पण मंडळी, तुम्ही सील्ड-पोर्टवर भांडताय आणि आमच्या हवेचं कोणी बोलतच नाही. मी समुद्राकाठी रिपेरिंग करतो. कोनची कड फोमची असेल तर इथे काही वर्षांत भुगा होतो, रबराचीच बघून घ्या. एमडीएफचं खोकं ओल्या फरशीवर ठेवलं की खालून फुगतं, रबरी पाय किंवा पाट हवाच, खाली तोंड असलेला सब तर सारवलेल्या जमिनीवर अजिबात नको. पोर्टच्या भोकात कुंभारीण मातीचं घर करते, पाली शिरतात, जाळीचं कापड बसवा. पावसाळ्यात सब रोज थोडा वेळ तरी चालू ठेवा, आतली सर्किटची पाटी उबदार राहिली की बुरशी आणि गंज कमी. वळवाच्या आणि परतीच्या पावसात गडगडायला लागलं की मात्र मेन प्लग नि सिग्नलची वायर दोन्ही काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

आणि जागा! बारा फुटी खोलीत त्या लांबीचा पहिला घुमारा, म्हणजे भिंतींमध्ये आपटून फुगणारा सूर, 47 हर्ट्झच्या आसपास बसतो, चिऱ्याच्या जाड भिंती तो आणखी पक्का करतात. सब ऐकायच्या खुर्चीवर ठेवा, बेसचं गाणं लावा, भिंतीकडेने रांगत फिरा, जिथे प्रत्येक सूर सारखा वाटेल तिथे सब ठेवा. मग सबवरचं फेजचं बटण 0 वर की 180 वर ते बघा, ज्यात डग्गा भरीव वाटेल ते.

खाडीपलीकडे
रांगायचं एकदम मान्य. पण दारं उघडी ठेवूनच रांगा, कारण ऐकणार तसंच आहात. माझं मत तेच, कौलारू घराला मोठा पोर्टवाला. व्हॉल्यूम निम्म्याच्या खाली ठेवायचा, त्याच्याकडे दम शिल्लक राहतो म्हणून तो ओरडत नाही.

चिरेबंदी
त्यापेक्षा त्याच पैशात दोन दहा इंची सील्ड घ्या आणि समोरासमोरच्या भिंतींना मधोमध लावा. दोघांचा मिळून दम वाढतो आणि तो 47 चा घुमारा बऱ्यापैकी मरतो. एक सब कितीही मोठा घेतलात तरी घुमारा राहतोच, आणि गाण्यात मला सगळ्यात आधी तोच खुपतो.

खाडीपलीकडे
दोनाची वायर मजघरातून नेणार कुठून, उंबऱ्यावरून?