गुगल फॉर्म्स एपीआय: उत्तरं येतात, प्रश्न कुठे गेले?
गुगल फॉर्मची उत्तरं पायथनने ओढली तर प्रश्नांच्या जागी नुसते विचित्र कोड दिसतात असं विचारलंय, तर ते तसंच येतं, एपीआय (म्हणजे आपल्या प्रोग्रामला गुगलकडून माहिती मागवायची सोय) प्रत्येक उत्तर प्रश्नाच्या आयडीखाली देतं, ते विचित्र कोड म्हणजे हेच आयडी, प्रश्नाचा मजकूर त्यात नसतोच. आधी फॉर्मची रचना वेगळी मागवा, त्यातून आयडी आणि प्रश्नाची डिक्शनरी (कुठला आयडी कुठल्या प्रश्नाचा अशा जोड्या) बनवा, मग जुळवा. शीटच्या कॉलमसारखं क्रमाने वाचायला अजिबात जाऊ नका, कारण कुणी प्रश्न रिकामा सोडला असेल तर त्याच्या उत्तरांत तो आयडीच येत नाही आणि थेट वाचलंत की कीएरर (तो आयडी सापडलाच नाही, असा पायथनचा एरर) ठरलेला. चेकबॉक्स असेल तर एकाच आयडीखाली दोन-चार उत्तरं असतात, नुसतं पहिलं उचलू नका प्लीज, लोकांनी वेळ काढून भरलेलं असतं ते, असं गळालं की फार वाईट वाटतं.

आणि हो, फॉर्मच सापडत नाही असा एरर येत असेल तर आयडी बघा, भरायला पाठवतो त्या लिंकमधला चालत नाही, एडिटच्या लिंकमधला लागतो. उत्तर भरल्याची वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) येते, आपले साडेपाच तास मिळवा. एका वेळी जास्तीत जास्त 5000 प्रतिसाद मिळतात, पुढचे हवे तर पेज टोकन (पुढचं पान मागवायची खूण, ती उत्तरांसोबतच येते) संपेपर्यंत लूप फिरवा.