अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना संशोधनाचा अनुभव दिल्लीत मिळावा की आपल्याच जिल्ह्यात?

कृष्णाकाठ :
राज्यातल्या विद्यापीठांत २०२३-२४ पासून एम.ए.च्या पहिल्या वर्षी चार श्रेयांकांचे, म्हणजे साधारण १२० तासांचे, ऑन जॉब ट्रेनिंग किंवा क्षेत्रप्रकल्प पूर्ण करावा लागतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने हे तास कुठे घालवावेत, याचे समाधानकारक उत्तर मला तरी अनेक महाविद्यालयांत दिसलेले नाही. तालुक्याच्या गावातला विद्यार्थी ओळखीच्या पतसंस्थेत किंवा कर सल्लागाराकडे पावत्यांच्या नोंदी करून प्रमाणपत्र आणतो, आणि ज्याच्या घरची ऐपत आहे तो दिल्ली गाठतो. नीती आयोगाच्या इंटर्नशिपला किमान सहा आठवडे द्यावे लागतात, विद्यावेतन मिळत नाही आणि लॅपटॉपही स्वतःचाच लागतो. गुणवत्तेची पारख होण्याआधीच ऐपतीची चाळणी लागते, ती अशी.

माझी सूचना अशी आहे, की प्रत्येक जिल्हा सांख्यिकी कार्यालयात त्याच जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांसाठी सशुल्क नव्हे, तर सवेतन जागा निर्माण कराव्यात. अर्थ व सांख्यिकी संचालनालयाची ही कार्यालये ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ काढतात. त्यात पेरणीपासून शाळांपर्यंतची आकडेवारी असते, पण तिच्यावर बसून विचार करणारे हात फार थोडे असतात. धोरण राजधानीतच जन्माला येते, हा समज महाराष्ट्राने तरी बाळगू नये. विधान परिषदेचे सभापती राहिलेले वि. स. पागे यांची रोजगार हमीची, म्हणजे मागेल त्याला काम देण्याची, कल्पना आधी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात आजमावली गेली, १९७२च्या दुष्काळात ती राज्यभर पसरली, १९७७मध्ये तिचा कायदा झाला आणि २००५मध्ये देशाने तिच्या धर्तीवर कायदा केला. प्रश्न जिथे आहे तिथेच विद्यार्थ्याला संशोधनाची पहिली संधी मिळावी, असे मला मनापासून वाटते.

सांख्यिक :
आपली तळमळ समजते, पण सूचना मान्य नाही. अनुभवाचे मोल तो कोणाच्या हाताखाली मिळाला, यावर ठरते. जिल्हा कार्यालयातले अधिकारी तातडीचे अहवाल, बैठका आणि निवडणुकीची कामे यांतून मोकळे होणार कधी आणि विद्यार्थ्याला नमुना निवड, म्हणजे पाहणीसाठी मोजकी घरे कशी निवडायची हे, शिकवणार कधी? विद्यार्थ्याकडून रकाने भरून घेतले जातील, आणि पतसंस्थेतल्या पावत्यांची जागा सरकारी तक्ते घेतील, एवढाच बदल होईल.

दुसरे असे, की आज संशोधन शिकण्यासाठी गाव सोडण्याचीही गरज उरलेली नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीची कुटुंबनिहाय आकडेवारी संकेतस्थळावर विनामूल्य मिळते. २०२२-२३च्या कौटुंबिक उपभोग खर्च पाहणीत २,६१,७४६ कुटुंबे होती; त्यांचा दरडोई मासिक खर्च ग्रामीण भागात ३,७७३ रुपये आणि शहरी भागात ६,४५९ रुपये निघाला. हेच आकडे मूळ नोंदींवरून स्वतः काढून पाहणे, भारांक, म्हणजे पाहणीतले एक कुटुंब एकूण किती कुटुंबांच्या जागी धरायचे तो आकडा, योग्य लावले का हे तपासणे आणि चुकले तर का चुकले हे शोधणे, यात जे शिक्षण आहे ते कार्यालयातल्या खुर्चीवर मिळणार नाही. त्यासाठी संगणक, इंग्रजी आणि संख्याशास्त्र यांची तयारी लागते, आणि महाविद्यालयांनी आधी तीच पुरवली पाहिजे.

बालाघाट :
सांख्यिक, आकडे तपासायला शिकणे आवश्यक आहे, याबद्दल वाद नाही. मात्र आकडा तयार कसा होतो हे ज्याने पाहिलेले नाही, त्याला तो कुठे फसवतो हेही कळत नाही. मी बीड जिल्ह्यातला आहे. दिवाळीनंतर आमच्याकडची कितीतरी कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती हंगाम संपल्यावर, उन्हाळ्यातच परततात. डिसेंबरात एखाद्या तांड्यावर प्रश्नावली घेऊन गेलात, तर म्हातारी माणसे आणि त्यांच्याजवळ ठेवलेली मुले भेटतील. कमावत्या माणसांची नोंद तिथे करायची की कारखान्याच्या तळावर, हे कुठल्याही तयार फाइलमधून शिकता येत नाही.

याहून अवघड प्रश्न उचलीचा आहे. कारखान्याला तोडणी मजूर पुरवणारा मुकादम हंगामाआधी नवराबायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला, ठोक रक्कम देतो आणि ती पुढे तोडलेल्या उसाच्या टनांवर फेडली जाते. ही रक्कम मजुरी मानायची की कर्ज? मजुरी मानली तर ते कुटुंब त्या महिन्यात सुस्थितीत दिसते. कर्ज मानले तर तेच कुटुंब कर्जबाजारी ठरते आणि पुढचे अनेक महिने बिनपगारी राबताना दिसते. शिवाय जोडीची मजुरी एकत्र असल्याने बाईची कमाई वेगळी नोंदवायची कशी, हाही प्रश्न उरतोच. ज्या मुलीच्या घरात कोयता आहे तिला हा पेच कोणी समजावून द्यावा लागत नाही. तो प्रश्नावलीत कसा मांडायचा, एवढेच तिला शिकवावे लागते. अशा मुलीला संशोधनापासून दूर ठेवण्यात नुकसान तिच्याइतकेच अर्थशास्त्राचेही आहे.

अर्धविराम :
प्रत्येक इंटर्नशिपला वेतन हवेच, हा आग्रह मला धोक्याचा वाटतो. छोट्या अभ्यासगटांकडे आणि स्वयंसेवी संस्थांकडे पैसा नसतो. सक्ती झाली तर ते विद्यार्थी घेणेच बंद करतील, आणि आज ज्या दहा जागा आहेत त्यांच्या दोन उरतील. २००८मध्ये उत्तरेतल्या सहा राज्यांत रोजगार हमीची जी पाहणी झाली, तिच्यात विद्यापीठांतले विद्यार्थी स्वयंसेवक म्हणूनच गावोगाव हिंडले, आणि त्या पाहणीचा पुढच्या चर्चेवर परिणामही झाला.

कृष्णाकाठ :
अर्धविराम, मी सक्ती छोट्या संस्थांवर नव्हे, शासनावर घालायला सांगतो आहे. रिझर्व्ह बँक आपल्या उन्हाळी इंटर्नशिपला दरमहा २०,००० रुपये विद्यावेतन देत आली आहे. म्हणजे सार्वजनिक संस्थेला हे अशक्य नाही. तरुणांना शासनासोबत काम करण्याची संधी देणारी राज्याची मुख्यमंत्री फेलोशिपही चांगली योजना आहे. पण तिच्या जागा सुमारे ६०, आणि अर्जासाठी पदवीला किमान ६० टक्के गुणांसोबत एक वर्षाचा पूर्णवेळ अनुभव लागतो. त्यात पूर्णवेळ इंटर्नशिप धरली जाते खरी, पण बिनपगारी इंटर्नशिप वर्षभर कोण करू शकतो? पहिल्या पायरीवरच पैसे लागत असतील, तर वरच्या पायरीवरचे विद्यावेतन ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.

सांख्यिक यांचा मार्गदर्शनाचा आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. पुण्यात १९३०मध्ये अर्थशास्त्रीय संशोधन करणारी गोखले संस्था स्थापन झाली आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली तिने पुणे शहराच्या आणि वाई तालुक्यातल्या शेतीच्या पाहण्या केल्या. त्यांच्यामागे प्रश्नावली घडवणारी आणि परत आलेल्या नोंदी तपासणारी अनुभवी माणसे होती. म्हणून जिल्हा कार्यालयाने माहिती आणि काम द्यावे, आणि पद्धतीची जबाबदारी विद्यापीठाच्या विभागाने घ्यावी, अशी दुहेरी रचना मला योग्य वाटते.

सांख्यिक :
दुहेरी रचनेत जबाबदारी दोघांचीही राहत नाही, असा माझा अनुभव आहे. तरीही बालाघाट यांनी मांडलेला उचलीचा प्रश्न मला निरुत्तर करणारा आहे, हे मान्य करतो. माझ्या दोन अटी आहेत. एक, १२० तास पूर्णवेळ धरले तर जेमतेम तीन आठवडे होतात, आणि तेवढ्यात प्रश्नावली समजते, पाहणी होत नाही. तेव्हा हे काम दोन सत्रांना जोडून द्यावे. दुसरी, विद्यार्थ्याच्या नावाशिवाय त्याने गोळा केलेली माहिती कोणत्याही अहवालात वापरू नये, आणि ज्या घरांनी तास-दोन तास देऊन उत्तरे दिली, त्यांच्या ग्रामसभेत निष्कर्ष मराठीत वाचून दाखवावेत. हे लेखी मान्य करणारे एखादे कार्यालय दाखवा; माझ्या विभागातले विद्यार्थी पाठवायला मी तयार आहे.