ही एकाच पायाची लोखंडी चप्पल कसली? (आणि ब्रेक नसलेली बाईक खरंच असते का)

मांद्रेचा मेकॅनिक:
नमस्कार मंडळी. माझं स्कूटर-बाईकचं गॅरेज गोव्यात मांद्रेला. प्रश्न जरा विचित्र आहे, हसू नका.

आमच्या वाड्यावर एक इंग्रज म्हातारे दर वर्षी नोव्हेंबरात येतात आणि शिगमो बघूनच परत जातात, एका काकीच्या घरातली मागची खोली भाड्याने घेतात, वय असेल पंचाहत्तरच्या पुढे, आम्ही सगळे त्यांना साहेब म्हणतो. स्वभावाने गप्प. सकाळी पोदेर (पाववाला) आला की दोन उंडे (गोल पाव) घेतात, मग चहा, मग समुद्र, संपलं. गेल्या आठवड्यात गॅरेजवर आले आणि पिशवीतून एक लोखंडी वस्तू काढून माझ्या टेबलावर ठेवली. होडीच्या बुडासारखा वाकवलेला जाड पत्रा, पुढे बोटांकडे गोल, मागे टाचेला चामड्याचा पट्टा, तो तुटलेला. रिव्हेट मारून दे म्हणाले. मला आधी वाटलं कसला तरी नांगराचा फाळ. मग म्हणाले पायात घालायची आहे. म्हटलं दुसरी कुठाय? तर म्हणे दुसरी नसतेच, फक्त डाव्या पायाला. एवढी वर्षं ती त्यांच्या खोलीच्या दाराला वाऱ्याने आपटू नये म्हणून लावलेली असायची, मी स्वतः तिला ठेचाळलोय.

मग हळूच म्हणाले की मी सोळा वर्षं ब्रेक नसलेली बाईक चालवली, रेसमध्ये. आणि निघून गेले. आता मी गाड्यांच्या धंद्यात वीस वर्षं आहे, ब्रेक नसलेली गाडी माझ्याकडे रोज येते पण ती दुरुस्तीला येते!! मुद्दाम अशी कोण बनवतं?

अजून एक. त्यांच्याकडे भाड्याची काळ्या पाटीची अ‍ॅक्टिव्हा असते, माझ्या मावसभावाचीच. तिचे ब्रेक शू मी परवा उघडून बघितले, चार सीझन झाले तरी नव्यासारखे. आणि डावीकडे वळताना म्हातारा असा काही वळतो की आपण बघत राहावं, पण उजवीकडे वळायचं असलं की नव्या शिकाऊसारखा पाय टेकत टेकत. वाड्यावरची पोरं नक्कल करतात.

तर (१) हे खरं असतं का, (२) चपलेचा तळ घासून पातळ झालाय तो वेल्डिंगने भरू की तसाच ठेवू, (३) त्यांना बोलतं करायचं तर काय विचारायचं? दोन वाक्यं बोलून गप्प होतात.

डिचोलीचो पोरगो:
बंडल रे पात्रांव. इथे येणारा प्रत्येक गोरा म्हातारा आपल्या देशात एक तर पायलट असतो नाहीतर रॉकस्टार 😂 ब्रेक नाही तर थांबत कसा होता, पाय घासून? चप्पल त्यासाठीच असेल मग, ब्रेक शू पायातच.

स्विंडनवाली वयनी:
बंडल नाही हो. मी मूळची पेडण्याची, आता इंग्लंडमध्ये स्विंडनला असते, इथे आपले गोंयकार किती आहेत ते तुम्हाला माहीतच आहे, बसमध्ये बसलं की निम्मी बस कोकणीत बोलत असते. इथे शहराच्या बाहेर ब्लन्सडनच्या अ‍ॅबी स्टेडियममध्ये स्पीडवे (मातीच्या रिंगणातली बाईकची रेस) व्हायची. स्विंडन रॉबिन्स नावाची टीम, १९४९ पासून तिथे रेस होत होत्या. माझ्याबरोबर वेअरहाऊसमध्ये काम करणारी एक बाई लहानपणापासून जायची, तिने २०१९ ला मला ओढत नेलं.

काय सांगू, मला वाटलेलं मोटारसायकलची रेस म्हणजे टीव्हीवर दिसते तसली गुळगुळीत रस्त्यावरची. इथे अंडाकृती मातीचं रिंगण, माती पण आपल्यासारखी तांबडी, त्याला ते शेल म्हणतात. चार जण, चार फेऱ्या, मिनिटभरात खेळ खलास. मग ट्रॅक्टर येऊन माती सारखी करतो, पाणी मारतात, परत चार जण. असं पंधरा वेळा. पहिल्याला ३ पॉइंट, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, शेवटच्याला भोपळा. लोक हातात कार्यक्रमपत्रिका आणि पेन घेऊन बसलेले, प्रत्येक हीटनंतर (चार फेऱ्यांची एक रेस म्हणजे एक हीट) आकडे भरतात, आपल्याकडे तियात्राच्या मध्यंतरात चणे खातात तितक्या निष्ठेने. मी हौसेने वळणाजवळ उभी राहिले आणि माझ्या चिप्सवर अशी माती उडाली की व्हिनेगर लावायची गरजच उरली नाही.

आणि हो, ब्रेक खरंच नसतात. मी पण हाच प्रश्न विचारला होता, मैत्रीण म्हणाली ब्रेक असता तर मागचा येऊन आदळला असता ना. जेसन डॉयल म्हणून ऑस्ट्रेलियन तेव्हा आमच्या टीममध्ये होता, तो २०१७ चा जगज्जेता, त्या वर्षी पाय मोडलेला असताना पण चालवत होता म्हणे. २०१९ ला रॉबिन्स लीग जिंकले, मग कोविड आला, आणि त्यानंतर तिथे स्पीडवे झालीच नाही. म्हणजे मी एकच सीझन बघितला आणि तो शेवटचा.

तुमच्या साहेबांना बॅरी ब्रिग्ज विषयी विचारा. न्यूझीलंडचा, चार वेळा जगज्जेता, १९६४ ते १९७२ स्विंडनकडून चालवायचा. इथले म्हातारे अजून त्याचं नाव काढलं की खुर्ची पुढे ओढतात.

फोंड्याचा आरएक्सवाला:
उशिरा बघितला धागा. डिचोलीच्या पोरा, तू हसलास पण अर्धं बरोबर बोललास, चप्पल थांबण्यासाठी नाही, टेकण्यासाठी असते.

मी स्वतः ९० च्या दशकात डर्ट ट्रॅक केलीय, स्पीडवे नव्हे, आपली साधी, कापणी झालेल्या शेतात दोऱ्या बांधून व्हायची तसली, यामाहा आरएक्स हंड्रेडचे मडगार्ड काढायचे, मागचं स्प्रॉकेट मोठं टाकायचं, सायलेन्सर कापायचा आणि घरी सांगायचं की म्हापशाच्या बाजाराला जातो. तेव्हा एका मित्राकडे परदेशी मासिकं यायची त्यात स्पीडवेचे फोटो बघून आम्ही वेडे झालेलो. फोटोत सगळ्यांची बाईक डावीकडे वळतेय आणि पुढचं चाक उजवीकडे! आम्हाला वाटलं फोटो उलटा छापला.

तर ते असं आहे. ५०० सीसी, एक सिलिंडर, पेट्रोल नव्हे तर मेथॅनॉल, गियर एकच, वजन जेमतेम ७७ किलोच्या आसपास म्हणजे तुझ्या अ‍ॅक्टिव्हापेक्षा बरंच कमी. कायम घड्याळाच्या उलट दिशेने, म्हणजे सगळी वळणं डावी. वळणाआधी गाडी मुद्दाम आडवी घालायची, मागचं चाक जोरात फिरवत बाहेर सोडायचं, पुढचं हँडल उलटं, डावा पाय जमिनीवर सरपटत. त्या पायाखाली लोखंड नसेल तर बूट एका संध्याकाळीत संपेल. आता गंमत अशी की त्या अवस्थेत थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर) एकदम सोडला तर मागच्या चाकाला पकड मिळते आणि गाडी तुला उलटी फेकते. भीती वाटली की आपला हात आपोआप सोडतो ना, तिथे उलट उघडा ठेवायचा. आम्ही शेतात प्रयत्न केला होता हं, लोहाराकडून पत्रा वाकवून बुटाला तारेने बांधला होता. माझा कॉलरबोन गेला, बांबोळीच्या इस्पितळात नेलं, आईला सांगितलं माडावरून पडलो. माडावर मी आयुष्यात चढलेलो नाही हे तिला माहीत होतं.

तेव्हा मेकॅनिकबाब, तुमचे साहेब उजवीकडे वळताना बिचकतात यात काही नवल नाही. सोळा वर्षं अंगाला एकच बाजू शिकवली.

तळाचं म्हणाल तर, चालू रायडर तळावर कडक धातूचा वेल्ड चढवतात, झिजला की परत चढवतात. पण हा माणूस आता चालवणार नाही ना? मग तळाला हात लावू नका. ती झीज त्यांनी स्वतः केलेली आहे. पट्टा तेवढा नवा घाला.

आणि विचारायचंच असेल तर गाडी कुठली होती ते विचारा, म्हातारे रायडर जिंकण्याबद्दल लाजतात पण इंजिनाबद्दल कधीच नाही. त्या काळातले असतील तर जावा निघेल बघा, आपल्या येझदीची थोरली चुलत बहीण. म्हैसूरला आयडियल जावावाले बनवायचे ती रस्त्याची, आणि तिकडे चेकमध्ये त्याच नावाने स्पीडवेची निराळीच गाडी निघायची.

डिचोलीचो पोरगो:
ओके ओके, शब्द मागे घेतो. पण काका, यात लोक मरत असतील ना? आपल्याकडे धिरयोवर (बैलांच्या झुंजीवर) बंदी आहे आणि हे चालतं?

फोंड्याचा आरएक्सवाला:
मेलेत, आणि खुर्चीला खिळलेत पण, खोटं कशाला बोलू. आता हवेचे मऊ कुंपण लावतात, मनगटाला दोरी असते ती सुटली की इंजिन बंद. पूर्वी लाकडी फळ्या नाहीतर जाळी. बॅरी ब्रिग्जचंच, वयनींनी नाव काढलं म्हणून, १९७२ च्या वेम्बली फायनलला अपघातात बोट गेलं. धिरयोत बैलाला कोणी विचारत नाही, इथे माणूस स्वतः जातो, फरक एवढाच. तो फरक पुरेसा आहे का ते तू ठरव, मला अजून ठरवता आलेलं नाही.

मांद्रेचा मेकॅनिक:
सगळ्यांना देव बरें करूं. अपडेट देतो, जरा लांब आहे.

काल पट्टा शिवून ठेवला होता (मोच्याकडून चामडं आणलं, रिव्हेट तांब्याचे मारले) आणि साहेब आल्यावर आरएक्सवाल्या काकांनी सांगितलं तसंच विचारलं, गाडी कुठली? झालं!! दीड तास. माझा पोरगा चहा आणून आणून दमला. सुरुवात जावावर, मग वेस्लेक आलं, ते चार व्हॉल्वचं इंग्रजी इंजिन, ७६ ला पीटर कॉलिन्स त्याच्यावर जगज्जेता झाला तेव्हा सगळ्यांनाच ते हवं झालं, साहेबांनी कर्ज काढून घेतलं. हे स्वतः मोठे रायडर नव्हते, ते त्यांनी तीनदा सांगितलं. खालच्या डिव्हिजनला टीममध्ये, कधी वर बोलावणं आलं तर वर. पगार नाही, पॉइंटावर पैसे. पडलास तर शून्य, आणि गाडीचा खर्च तुझाच. दिवसा प्लंबर, संध्याकाळी व्हॅनमध्ये गाडी टाकून तीन-चार तास ड्रायव्हिंग, रात्री परत, सकाळी कुणाच्या तरी घरातला तुंबलेला संडास.

म्हटलं कुठल्या मोठ्या माणसाबरोबर चालवलंत का? म्हणाले एकदा आयव्हन मॉजरबरोबर एका हीटमध्ये होतो. (नंतर वाचलं, सहा वेळा जगज्जेता, १९७० ला सलग तिसऱ्यांदा जिंकला तेव्हा त्याच्या गाडीला चाहत्यांनी सोन्याचा मुलामा दिला.) कसा होता तो? तर म्हणे माहीत नाही, सुरुवातीची फीत वर गेली आणि त्यानंतर मी त्याला बघितलं नाही, फक्त त्याची माती खाल्ली. आणि इतके हसले की खोकला लागला.

मग मीच बसून हिशोब केला, वर्षाला समजा चाळीस मॅच, प्रत्येक मॅचला पाच हीट, हीट एका मिनिटाची, सोळा वर्षं. तीन हजार दोनशे मिनिटं. म्हणजे त्रेपन्न तास. त्यांना दाखवलं, अख्खं करिअर सव्वादोन दिवसांचं निघालं. आपला एक दशावतार रात्रभर चालतो, तशी दहा नाटकं फक्त. ते कागद बघत राहिले बराच वेळ. म्हणाले, व्हॅनचे तास पण लिही. ते काय मोजून होणार नव्हते.

वासाबद्दल पण बोलले. इंजिनात एरंडेलाचं तेल घालायचे, ते जळलं की जो वास यायचा तो त्यांना अजून कुठे तरी अचानक येतो आणि मान वळते. मी म्हटलं एरंडेल आम्हाला आजी चमच्याने पाजायची, त्याच्या वासाने आमची पण मान वळते पण उलट्या बाजूला.

रेस का सोडली, हे विचारायला धीर होत नव्हता, मला वाटलं अपघाताचं निघेल. पण तसं नाही. हाडं सगळी मोडून झाली होती म्हणाले, त्याचं काही नव्हतं, ती जुळतात. एका संध्याकाळी, मॅच साधीच, पहिल्या वळणावर त्यांनी थ्रॉटल थोडासा आधी सोडला. अर्धा सेकंद पण नाही. दुसरे आले ते. मेकॅनिक म्हणाला मस्त चाललीय गाडी. बायको पण म्हणाली आज छान चालवलंस. पुढच्या हीटला परत तेच झालं, हात त्यांना न विचारता. घरी जाताना व्हॅनमध्ये कोणाशी बोलले नाहीत, सीझनच्या उरलेल्या मॅच पूर्ण केल्या आणि हिवाळ्यात गाडी विकली. चप्पल विकली नाही कारण ती कोणी मागितलीच नाही, दुसऱ्याच्या पायाला बसत नाही म्हणे.

हे सांगताना ती हातात घेऊन तळावरून अंगठा फिरवत होते. बरं झालं वेल्ड चढवला नाही, आरएक्सवाले काका.

मग तिथेच स्टुलावर बसून डाव्या पायात घातली, सँडलवरूनच, आणि गॅरेजच्या अंगणात एक चक्कर मारली. टक, फस्स, टक, फस्स. अंगणातल्या तांबड्या मातीत एक लांब रेघ उमटली ती आज सकाळी झाडताना पोराने पुसायला घेतली, मी ओरडलो त्याला.

पैसे किती विचारलं. म्हटलं साहेब राहू दे. ऐकेनात, म्हणाले मी फुकट कधी चालवलं नाही तू पण चालवू नकोस, पॉइंटाप्रमाणे घे. कितव्या नंबरचं काम झालं ते तूच सांग. मी म्हटलं दुसरा, पट्ट्याची एक शिवण वाकडी आलीय. दोनशे रुपये टेबलावर ठेवले आणि अ‍ॅक्टिव्हा काढून निघाले, गेटमधून उजवीकडे वळायचं होतं, दोन्ही पाय टेकत टेकत.

स्विंडनवाली वयनी:
त्यांच्या टीमचं नाव विचारा हो पुढच्या वेळी. इथे माझ्या मैत्रिणीकडे जुन्या भरलेल्या पत्रिकांचे तीन खोके आहेत, कुठे तरी त्यांच्या नावापुढे तिच्या बापाने पेनाने लिहिलेले आकडे सापडतील.