जुन्या बांगड्यांचा डबा मिळालाय, कुठली कशाची आहे हे कसं ओळखायचं?

बारीक_नक्षी:
मंडळी, जरा मदत हवीये. आत्याने तिचा बांगड्यांचा जुना डबा मला देऊन टाकला, "तुला हौस आहे ना, मग तूच ठेव" म्हणाली, पण त्यात कशाचं काय आहे हे तिलाही धड माहीत नाही कारण अर्ध्या बांगड्या तिच्याही आधीच्या पिढीतल्या आहेत. तर डब्यात काय आहे ते सांगते. मोहरीसारख्या पिवळ्या रंगाच्या जाडजूड बांगड्या, हाताला चांगल्या जड लागतात. मग दोन क्रीम रंगाच्या पातळ, त्यातल्या एकीला बारीक तडे गेलेत आणि तिचा कसलातरी आंबूस वास येतो. एक रुंद पांढरी पाटली, जिला घरातले सगळे हस्तिदंती म्हणतात. चांदीचं एक जाड कडं, पार काळं झालंय, आणि दिसायला एवढं जाड असून वजनाला हलकं आहे हे मला जरा विचित्र वाटतं. शिवाय लाखेच्या आहेत, आरसे लावलेल्या, आणि काचेच्या तर ढीगभर.

एका व्हिडिओत बघितलं की सुई लाल करून टेकवायची आणि वासावरून ओळखायचं. करू का? आणि चांदी घरी साफ करावी की सोनाराकडे द्यावी? मला विकायच्या नाहीयेत, घालायच्या आहेत.

जुनं_प्लास्टिक:
सुई अजिबात नको!! आधी ती खाली ठेवा मग पुढचं वाचा.

त्या तडे गेलेल्या क्रीम बांगड्या सेल्युलॉइडच्या, म्हणजे अगदी सुरुवातीच्या प्लास्टिकच्या, असाव्यात असा माझा अंदाज. अमेरिकेत हायटने १८७० च्या सुमारास हे बाजारात आणलं, नायट्रोसेल्युलोज आणि कापूर मिळून बनतं, आणि हस्तिदंताला पर्याय म्हणूनच ते शोधलं गेलं होतं. भयंकर ज्वालाग्राही असतं, तापलेली सुई टेकवली तर भडकू शकतं. त्यापेक्षा बांगडी अंगठ्याने जोरात घासा, गरम लागेपर्यंत, आणि लगेच नाकाशी धरा. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड. औषधी, फिनाइलच्या जवळ जाणारा वास आला तर बॅकेलाइट, हेही एक जुनं कडक प्लास्टिक. करपलेल्या दुधासारखा आला तर गॅलॅलिथ, ते खरंच दुधातल्या केसीनपासून करायचे. काहीच वास नाही तर बहुतेक ॲक्रिलिक. घासून कळत नसेल तर नळाच्या गरम पाण्याखाली अर्धा मिनिट धरून वास घ्या.

मोहरी रंगाच्या जड बांगड्या बॅकेलाइट घराण्यातल्या निघाल्या तर मजा आहे. बेकलंड नावाच्या बेल्जियन रसायनशास्त्रज्ञाने १९०७ मध्ये अमेरिकेत बॅकेलाइट शोधलं, पण ते मूळचं काळं-तपकिरी असायचं. दागिन्यांमधले रंगीत प्रकार त्याच जातीच्या राळेचे, साच्यात न दाबता ओतून केलेले, १९२० च्या दशकाच्या शेवटी आले. त्यांच्या नळ्या ओतायच्या, नळीच्या चकत्या कापायच्या आणि मग एकेकीवर हाताने कोरीव काम. म्हणून अशा बांगडीला साच्याच्या जोडाची रेघ नसते. नखाने आतून बाहेरून चाचपून बघा, रेघ लागली तर ती दाबून काढलेली. आणि एक गंमत, आज जो पिवळा दिसतोय तो मूळ रंग असेलच असं नाही. पृष्ठभाग हवेने आणि उजेडाने पिवळा पडत जातो, त्यामुळे जुन्या पांढऱ्या बांगड्या मोहरीसारख्या होतात आणि निळ्या हिरव्या दिसायला लागतात. कुणी पॉलिश करून तो थर काढला की खाली वेगळाच रंग निघतो. काढावा का हा प्रश्न वेगळा, मी तरी काढणार नाही.

त्या आंबूस वासाच्या बांगडीचं मात्र आजच्या आज काहीतरी करा. सेल्युलॉइड कुजायला लागलं की आम्लाची वाफ सोडतं आणि शेजारच्या बांगड्याही खराब होतात, चांदी-पितळ तर हमखास. वेगळी ठेवा, बंद प्लास्टिकच्या पिशवीत नाही, कागदात सैल गुंडाळून हवेशीर जागी, उन्हापासून आणि विस्तवापासून लांब. ती बरी होत नाही. फक्त बाकीच्यांना वाचवायचं.

लाखेचा_चुडा:
वरच्या प्रतिसादाला +१, पण गरम पाण्याचं वाचून पोटात गोळा आला. ती चाचणी फक्त प्लास्टिक वाटणाऱ्यांवर करा, सगळा डबा नळाखाली धरू नका!

लाख म्हणजे किड्याने झाडाच्या फांदीवर सोडलेली राळ. ती ७० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागते. लाखेची बांगडी बनतेच त्या गुणावर, लाखेत खडूची किंवा दगडाची पूड मिसळून निखाऱ्यावर शेकायची, लाटून काडी करायची, गोल वळवून टोकं जोडायची आणि ऊन असतानाच आरसे-खडे दाबून बसवायचे. त्यामुळे गरम पाण्यात आरसे निसटणार आणि बांगडीचा आकार बिघडणार. दुसरा शत्रू स्पिरिट. लाखेतली राळ अल्कोहोलमध्ये विरघळते म्हणून सॅनिटायझर, अत्तराचा स्प्रे, नेलपेंट काढायचं द्रव, यातलं काही लाखेला लागता कामा नये. अत्तर आधी, बांगड्या नंतर. पुसायच्या तर कोरड्या मऊ फडक्याने, फारच मळ असेल तर किंचित ओलसर करून आणि लगेच कोरड्या करून.

आणि हो, तुमचं जाड पण हलकं चांदीचं कडं. ते आतून लाख भरलेलं असण्याची दाट शक्यता आहे. पातळ पत्र्याचं पोकळ कडं करून आत लाख भरायची, म्हणजे दणकट होतं, चेपत नाही आणि चांदी कमी लागते, फार जुनी पद्धत आहे ही. नखाने टिचकी मारा, खणखणीत वाजलं नाही आणि बद्द आवाज आला तर तसंच समजा. हे पण गरम पाण्यात नाही, आणि डाख द्यायला कुणाकडे नेलंत तर आत लाख आहे हे आधी सांगा, आच लागली की लाख उकळून जोडातून बाहेर येते.

बारीक_नक्षी:
बाप रे, बरं झालं विचारलं. वास घेतला आत्ता. क्रीमवालीला कापूर, स्पष्ट! तडेवाली बाल्कनीत कागदात ठेवलीये. मोहरीवाल्यांना औषधी वास येतोय असं मला वाटतं, नवऱ्याला काहीच येत नाहीये पण त्याच्या नाकावर माझा विश्वास नाही. रेघ कुठेच नाही. कड्याचा आवाज बद्दच आहे.

पांढऱ्या पाटलीचं कुणी सांगेल का?

भिंगवाला:
दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि बांगडीची कड बघा, बाहेरचा चेहरा नाही. सुळा आडवा कापून बांगडी काढतात, म्हणून आडवा छेद कडेवरच दिसतो. खरा हस्तिदंत असेल तर तिथे एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते, त्यांना श्रेगर रेषा म्हणतात. सुळ्याच्या बाहेरच्या बाजूला हत्तीच्या दंतात या रेषांमधला कोन पसरट असतो, ११५ अंशांच्या वर, आणि नामशेष झालेल्या मॅमथच्या दंतात ९० च्या आत. सेल्युलॉइडवर नकली रेषा उठवतात त्या एकसारख्या, समांतर, सरळ पट्ट्यांसारख्या दिसतात, जाळी होत नाही. बारीक काळे ठिपके किंवा तुटक रेघोट्या दिसल्या तर ते हाड. शंखाची असेल तर जाळीही नाही, ठिपकेही नाहीत, आणि हाताला गार लागते.

खरा निघाला तर एक गोष्ट लक्षात ठेवा. हत्तीच्या दंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स (धोक्यातल्या वन्यजीवांच्या व्यापाराविषयीचा आंतरराष्ट्रीय करार) खाली १९८९ मध्ये बंदीचा निर्णय झाला आणि बऱ्याच देशांचे स्वतःचे कायदे त्याहून कडक आहेत. "जुनी आहे, घरातली आहे" म्हटल्याने आपोआप सूट मिळत नाही. विकायची नाही म्हणताय ते ठीकच, पण हातात घालून विमानात बसण्याआधी आणि कुणाला पाठवण्याआधी तिथला वन्यजीव कायदा बघा.

काळी_चांदी:
चांदीबद्दल. काळा थर म्हणजे सिल्व्हर सल्फाइड, हवेतल्या गंधकामुळे येतो. ॲल्युमिनियमची फॉइल, खायचा सोडा आणि गरम पाणी ही युक्ती सगळीकडे फिरते, काम करते, पण लाख भरलेल्या कड्याला गरम पाणी नको हे वर आलंच आहे. शिवाय त्या युक्तीने नक्षीच्या खोबणीतला काळेपणाही जातो, आणि नक्षी उठून दिसावी म्हणून कारागिराने तो मुद्दाम ठेवलेला असतो. सगळं पांढरंफटक झालं की कोरीव काम सपाट दिसतं. चांदीसाठीच्या फडक्याने फक्त उंचवट्यांवरून हात फिरवा, खोबणी तशीच सोडा. आणि बांगड्यांचा जुडगा रबरबँडने बांधू नका, रबरात गंधक असतं.

झगमग:
मला नाही पटत हे. दागिना आहे तर चमकायला नको का? काळं कडं घालून फिरायचं म्हणजे लोक विचारणार घासायला वेळ मिळाला नाही का. डिपचं द्रव मिळतं, बुडवा काढा झालं.

काळी_चांदी:
@झगमग, घासायचंच असेल तर घासा की, पण द्रवात बुडवू नका. पोकळ कड्यात जोडातून ते आत शिरतं, बाहेर येत नाही आणि आतून खात बसतं. चमक हवी असेल तर फडक्यानेच अजून दोन दिवस घासा, हात दुखतील एवढंच.

बांगडीवाली:
काचेच्या राहिल्या की! अवांतर वाटेल पण हाताने केलेल्या काचेच्या बांगडीत एक बारीक जोड दिसतो तो दोष नव्हे. फिरोजाबादमध्ये वितळलेल्या काचेचा धागा फिरत्या दांड्यावर स्प्रिंगसारखा गुंडाळत जातात, ती गुंडाळी एका रेषेत कापली की फट असलेली कडी सुटी होतात, मग ज्योतीवर एकेक सरळ करून टोकं जोडतात. ते जोडकाम हाताने. जोड नाहीच अशी सापडली तर वेगळी ठेवा, काचेच्या गोळ्याला भोक पाडून तो फिरवत फिरवत मोठा करायची जुनी रीत आहे, ती त्यातली असू शकते.

घालायच्या असतील तर काचेच्या आणि धातूच्या एकाच हातात एकमेकींना खेटून नको, चरे पडतात.

बारीक_नक्षी:
भिंग मिळालं शेजाऱ्यांकडून. ठिपके आहेत! बारीक काळे. म्हणजे हाड ना? घरात सांगितलं तर कुणी मानायला तयार नाही. 😄

शेवटचा प्रश्न, मोहरीवाल्या हातात जात नाहीयेत, बोटांच्या पेरांशी अडकतात. ताणता येतात का? आणि माझं माप कसं कळणार, दुकानातल्या नेहमी अंदाजानेच घेते.

बांगडीवाली:
बॅकेलाइट ताणायचा विचारही करू नका, एकदा घट्ट झालं की तापवूनही मऊ पडत नाही, सरळ तडकेल. साधं भरीव चांदीचं कडं सोनार उतरत्या दांड्यावर ठोकून थोडं वाढवू शकतो, तुमचं लाखेचं नाही.

मापासाठी अंगठा तळव्यात दुमडून हात निमुळता करा, पेरांवरचा सगळ्यात रुंद घेर मोजा आणि ३.१४ ने भागा, तो आतला व्यास. आता २.४, २.६, २.८ ही मापं दशांश नाहीत, आधीचा आकडा पूर्ण इंच आणि टिंबानंतरचा इंचाचे सोळावे भाग. २.४ म्हणजे सव्वादोन इंच, साधारण ५७ मिमी. २.६ म्हणजे ६० च्या जरा वर. २.८ म्हणजे अडीच इंच, साडेत्रेसष्ट. त्यामुळे २.१० ही २.८ पेक्षा मोठी असते, ऑनलाइन घेताना इथेच गोंधळ होतो. काचेच्याला अगदी तंतोतंत माप चालतं कारण ती हात दाबून चढवता येते, जाड आणि रुंद असेल तर एक माप वरचं घ्या.

मोहरीवाल्यांचा आतला व्यास मोजून इथे टाका, बघू किती कमी पडतंय. दोन-तीन मिमीच असेल तर साबणाचा हात करून एकदा प्रयत्न करा, पण आधी काढता येईल ना त्याचा विचार करा.