मदत हवी आहे : गगनबावड्याकडच्या पोरांचा बेसबॉल

मंडळी, गगनबावडा तालुक्यातल्या आमच्या वाडीतली पोरं बेसबॉल खेळतात. नेम पक्का आहे, पण सपाट जागा कुठाय? दोन बेसमध्ये (धावताना गाठायच्या टप्प्यांमध्ये) 90 फूट लागतात, बारक्यांना 60 तरी. आमचा तिसरा बेस भाताच्या बांधावर येतो आणि उंच फटका थेट ओढ्यात! पावसाळ्यात तर विचारूच नका, चामड्याचे ग्लोव्ह्ज बुरशीनं पांढरे पडतात. कॅचरचा, म्हणजे फलंदाजामागे चेंडू झेलणाऱ्याचा, मास्क एकच, त्याचाही पट्टा तुटलाय. सरावाला कोल्हापूर गाठायचं तर परतीची एसटी चुकते.

कुणाकडे जुने ग्लोव्ह्ज, हेल्मेट पडून आहेत का? (क्रिकेटचं किट नको, ते ढीगभर आहे.) कोल्हापुरात चप्पल लाईनला (चपलांच्या बाजारात) ग्लोव्ह्ज शिवून देणारा कारागीर माहीत आहे का? आणि पावसात शाळेच्या व्हरांड्यात पिचिंगचा (चेंडू फेकण्याचा) सराव कसा घ्यावा, हे जाणकारांनी जरूर सांगा.